सुनावणीचे नियम, कुणालाही न ऐकता

(टेंभुर्णी येथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती कमी केली आहे. बाकी भाषा वक्त्याची आहे तशीच ठेवली आहे.)

'न्यायाधिकरणं आणि जाहीर चौकश्या यांच्या कार्यपद्धतीचे नियम कसे बनतात' असा विषय पत्रिकेवर छापल्यावर समोर कुणी बसेल की नाही, अशी धाकधूक होती. तुम्ही आलात, त्याबद्दल आधी आभार.

आज मी एका मजकुराचं परीक्षण करणार आहे. आपण कादंबरीचं परीक्षण करतो, नाटकाचं करतो, सिनेमाचं तर रोजच करतो. सरकारी अधिसूचनेचं परीक्षण कुणी करत नाही. पण आपल्या शिवारातल्या विहिरीला उद्या कसलं पाणी लागेल, यात कादंबरीचा हात नसतो, अधिसूचनेचा असतो. मी निवडलेला मजकूर म्हणजे केंद्र सरकारने १४ सप्टेंबर २००६ रोजी काढलेली पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची अधिसूचना, आणि त्यातलं परिशिष्ट ४. प्रकल्पाआधी जनसुनावणी कशी घ्यायची, याचे नियम त्यात आहेत. दोन-चार पानांचा ऐवज आहे.

टेंभुर्णीत हे का बोलायचं, ते सांगायला नको. एका अंगाला भीमा, वर उजनी, गावाला लागून पुणे-सोलापूर महामार्ग, औद्योगिक वसाहत, आणि नजर जाईल तिथं ऊस. कारखान्याची गाळप क्षमता वाढते, आसवनी येते, महामार्गाला भराव लागतो. या प्रत्येक गोष्टीत कुठेतरी एक प्रश्न असतो, की गावाला विचारायचं का, आणि विचारायचं तर कसं. त्याचं उत्तर याच मजकुरात आहे.

एकच वाक्य, तीन कायदे

आधी थोडं मागे जाऊ. चौकशी आयोगांचा कायदा १९५२ चा. त्याचं कलम ८ सांगतं की आयोग आपली कार्यपद्धती स्वतः ठरवील. नद्यांच्या पाण्याच्या तंट्यांचा कायदा १९५६ चा. लवाद आपली कार्यपद्धती स्वतः ठरवील, हे तिथंही आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा कायदा २०१० चा. त्याचं कलम १९ म्हणतं की या न्यायाधिकरणावर दिवाणी प्रक्रिया संहितेचं बंधन नाही, नैसर्गिक न्यायाची तत्त्वं पाळून त्याने आपली पद्धत ठरवावी.

यामागचा हेतू चांगला आहे. दिवाणी कोर्टातल्या तारखा आपल्याला माहीत आहेत, आजोबांनी लावलेला बांधाचा दावा नातू चालवतो. म्हणून संसदेने या संस्था मोकळ्या ठेवल्या. पण मोकळीक कुणाला मिळाली, हे बघा. कृष्णेच्या पाण्यासाठी बच्छावत लवाद १९६९ साली नेमला गेला, निवाडा १९७३ साली आला, अंतिम रूप १९७६ साली मिळालं. आपल्या भीमेचा हिशेबही त्यातच झाला. त्या लवादासमोर पक्षकार होती ती राज्यं. भीमाकाठचा शेतकरी पक्षकार नव्हता. राज्याने आपलं म्हणणं मांडलं म्हणजे आपलं म्हणणं मांडलं गेलं, असं धरून सगळं चाललं. कुणाला बोलू द्यायचं हे ठरलं, तेव्हाच निम्मा निवाडा ठरला होता.

चौकशी आयोगाची तऱ्हा थोडी वेगळी. आयोग पद्धत स्वतः ठरवतो खरा, पण त्याचं आयुष्य सरकारच्या हातात असतं. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींवर नेमलेला न्या. श्रीकृष्ण आयोग सरकारने जानेवारी १९९६ मध्ये गुंडाळला आणि मे महिन्यात पुन्हा जिवंत केला, तोही कार्यकक्षा वाढवून. अहवाल फेब्रुवारी १९९८ मध्ये सरकारकडे गेला, विधिमंडळासमोर आला ऑगस्टमध्ये. साक्षी कशा घ्यायच्या हे आयोगाने ठरवलं. चौकशी कशाची, आणि ती चालू राहणार की नाही, हे दुसऱ्याने ठरवलं.

नियमांचा कागद हातात घेतला की मी म्हणूनच दोन प्रश्न विचारतो. हा नियम कुणाला बोलू देतो? आणि हा नियम लिहिताना कुणाला बोलू दिलं होतं?

मजकुरातलं चांगलं

आता परिशिष्ट ४. परीक्षणाची रीत अशी की आधी चांगलं सांगावं, आणि या मजकुरात ते खरोखर आहे.

पहिलं, सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यायची, एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात. दुसरं, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा कमी दर्जा नसलेला प्रतिनिधी. तिसरं, संपूर्ण चित्रीकरण. चौथं मला फार आवडतं : गणपूर्तीची अट नाही. चारच माणसं आली तरी सुनावणी ही सुनावणीच. आणि पाचवं, हजर असलेल्या प्रत्येकाला माहिती आणि खुलासा विचारण्याची संधी. 'प्रत्येक बाधिताला' असं त्या कलमात म्हटलेलं नाही, 'हजर असलेल्या प्रत्येकाला' असं आहे. सातबारा दाखवा मग बोला, असं कुणी म्हणू शकत नाही. ऊसतोडीला आलेली बाईसुद्धा उठून विचारू शकते.

शिवाय शेवटी एक तरतूद आहे, ती लिहून घ्या. सुनावणी संपताना इतिवृत्ताचा गोषवारा जमलेल्या लोकांना स्थानिक भाषेत समजावून वाचून दाखवायचा, आणि मान्य झालेल्या इतिवृत्तावर त्याच दिवशी सही व्हायची. ज्याने हे लिहिलं त्याला गावातली सभा माहीत असणार. कागद एकदा तालुक्याला गेला की परत येताना बदलून येतो, हे त्याला ठाऊक असावं.

मजकुरातलं दुबळं

आता दुसरी बाजू. ही सुनावणी निर्णय देत नाही. अध्यक्ष नोंद करतो, निर्णय दुसरीकडे होतो. प्रकल्पाचा अहवाल तयार करणारा सल्लागार प्रकल्पवाल्यानेच नेमलेला, पैसेही त्यानेच दिलेले. सुरुवातीला बोलतो प्रकल्पवाला. प्रश्नाचं उत्तर देतो प्रकल्पवाला. उत्तर खरं की खोटं, हे त्या मांडवात तपासणारं कुणी नाही. सल्लागाराची उलटतपासणी नाही. चौकशी आयोगाच्या कायद्यात १९७१ साली दुरुस्ती झाली. ज्याच्या लौकिकाला धक्का लागू शकतो, त्याला ऐकून घेण्याचा आणि उलटतपासणीचा हक्क तेव्हा कलमात आला. म्हणजे अब्रूला धक्का लागणार असेल तर उलटतपासणी करता येते, पाण्याला धक्का लागणार असेल तर नुसता खुलासा विचारता येतो.

आपल्याच जिल्ह्यातल्या एका जनसुनावणीला मी हजर होतो. कारखान्याचं नाव घेत नाही, कारण मुद्दा त्या एका कारखान्याचा नाही. मांडव कारखान्याच्या आवारात. पुढच्या रांगांत कामगार आणि कारखान्याला ऊस घालणारे सभासद. त्यांची बिलं तिथंच अडकलेली, ते काय बोलणार? मागून एक बाई उठल्या. म्हणाल्या, "साहेब, माझ्या विहिरीचं पाणी दोन वर्षं झाली जनावर तोंडात घेत नाही. आता तुम्ही आणखी वाढवणार, तर मी जनावरं कुठं नेऊ?" प्रश्न सरळ होता, त्यात विहीर होती, मुदत होती, जनावरं होती. पुढे इतिवृत्तात मी वाचलं : 'भूजलाच्या गुणवत्तेबाबत शंका उपस्थित करण्यात आली.' आणि समोरच्या रकान्यात : 'प्रकल्पातून सांडपाणी बाहेर सोडले जाणार नाही.'

झालं. विहीर गेली, बाई गेली, दोन वर्षं गेली. इतिवृत्त खोटं आहे असं म्हणता येत नाही, पण त्यात उत्तर देण्यासारखं काही उरलंच नाही. कार्यपद्धतीचा दोष असा दिसतो. कुणी कुणाचं तोंड दाबलेलं नसतं, माणसाचं म्हणणं फक्त रकान्यात बसेल एवढं छाटलेलं असतं.

हा मजकूर बदलतं कोण?

आता दुसरा प्रश्न, आणि माझी खरी तक्रार इथं आहे. जनसुनावणी मुळात आली १० एप्रिल १९९७ च्या दुरुस्तीने. आधीच्या १९९४ च्या अधिसूचनेत ती बसवली गेली. २००६ च्या अधिसूचनेचा मसुदा सप्टेंबर २००५ मध्ये प्रसिद्ध झाला होता, हरकती मागवल्या होत्या. पर्यावरण संरक्षण नियम १९८६ मधला नियम ५ सांगतो, की आधी राजपत्रात सूचना काढा, हरकतींसाठी ६० दिवस द्या. पण त्याच नियमाचा पोटनियम ४ म्हणतो, सार्वजनिक हितासाठी वाटलं तर सरकार ही सूचना टाळू शकतं. समोरच्या दाराला कुलूप, आणि मागचं दार नुसतं लोटलेलं.

मार्च २०२० आठवा. २४ तारखेच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. २७ मार्चला एक दुरुस्ती निघाली, औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या प्रकल्पांची परवानगी ठरावीक काळासाठी सोपी करणारी. साथ सुरू होती, औषध लागणार होतं. पोटनियम ४ अशाच वेळेसाठी आहे, माझी त्याला हरकत नाही. पण लगेच दुसऱ्या दिवशी, २८ मार्चला, आणखी एक अधिसूचना निघाली. रस्ते, पाइपलाइन अशा लांबलचक कामांसाठी साधी माती उकरायची तर पर्यावरण परवानगी लागणार नाही, असं त्यातल्या एका बाबीने ठरवलं. साथीशी मातीचा काय संबंध? अख्खा देश घरात बसलेला असताना, हरकत घ्यायला कुणी बाहेर पडू शकत नसताना, हरकतीची संधीच वगळली.

महामार्गाकाठच्या माणसाला याचा अर्थ सांगायला नको. भरावाचा मुरूम आणि माती कुठून येते, मागे किती खोल खड्डे राहतात, पावसाळ्यात त्यांत काय होतं, हे तुम्ही बघता.

या बाबीला आव्हान दिलं गेलं, आणि २१ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. पीठ होतं न्या. अभय ओक आणि न्या. संजय करोल यांचं, खटला नोबल पैकडा यांचा. न्यायालयाचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगतो : जनतेला सूचना देणं टाळायचं तर सार्वजनिक हित कोणतं, ते सांगा. ते सांगितलेलंच नाही. आणि किती माती, कुठून, कशी, याला काही मर्यादाच नाही. निकाल चांगला आहे. पण तारखा मोजा. २०२० ते २०२४, चार वर्षं. चार वर्षांत उकरलेली माती निकालाने परत येत नाही.

त्याच २०२० साली संपूर्ण नव्या अधिसूचनेचा मसुदा आला. त्यात सुनावणीच्या सूचनेचे ३० दिवस कमी करून २० करायचा प्रस्ताव होता. मसुदा इंग्रजी आणि हिंदीत. ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली, आणि आठव्या अनुसूचीतल्या सर्व २२ भाषांत भाषांतर करा असं सांगितलं. त्या आदेशाविरुद्ध केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. जरा विचार करा. ज्या नियमांखाली माढ्यातला शेतकरी मराठीत बोलणार, ते नियम मराठीत द्यायला सांगितले तर त्यावर अपील! त्या मसुद्याला पुढे अंतिम रूप आलंच नाही, ही गोष्ट वेगळी.

आणि तिसरं उदाहरण आपल्या अगदी दारातलं. पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलसाठी २०२१ साली दुरुस्त्या झाल्या. केवळ त्या कार्यक्रमासाठी इथेनॉल बनवणारे अनेक प्रकल्प आणि विस्तार 'ब-२' गटात घातले गेले. 'ब-२' म्हणजे काय? सविस्तर मूल्यांकन अहवाल नाही, आणि जनसुनावणी नाही. परिशिष्ट ४ मधला एकही शब्द बदललेला नाही. 'हजर असलेल्या प्रत्येकाला संधी' हे वाक्य तसंच आहे. फक्त मांडवच पडणार नाही, मग हजर कुठं राहायचं?

इथेनॉलला माझा विरोध नाही. उसाला दर मिळायला त्याची मदत होते, हे मी ऊसवाल्यांसमोर उभा राहून नाकारणार नाही. सुनावणी झाली असती तर कदाचित निम्म्या गावाने प्रकल्प हवाच असं सांगितलं असतं. पण ते सांगायचाही हक्क गेलाच की. समर्थन करणाऱ्याचाही गेला.

म्हणून माझं म्हणणं एका ओळीत सांगतो : लोकांना ऐकून घेण्याचे नियम आपल्याकडे लोकांना न ऐकता बदलता येतात. बाकी सगळे दोष दुरुस्त करता येतील, हा दोष मात्र दुरुस्तीचीच वाट अडवतो.

दुसरीकडे काय केलं?

इंग्लंडचं एक उदाहरण थोडक्यात सांगतो, कारण त्याची सुरुवातही जमिनीपासून आहे. डॉर्सेट परगण्यात क्रिचेल डाऊन नावाची जमीन दुसऱ्या महायुद्धाआधी बॉम्बफेकीच्या सरावासाठी सरकारने घेतली. पुढे ती लागेना, तरी मूळ मालकांना परत मिळेना. १९५४ साली जाहीर चौकशी झाली, शेतीमंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. उजनीत जमिनी गेलेल्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. त्या वादानंतर फ्रँक्स समिती नेमली गेली. तिने १९५७ साली न्यायाधिकरणं आणि चौकश्यांसाठी तीन कसोट्या सांगितल्या : खुलेपणा, न्याय्यता, निःपक्षपातीपणा. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. १९५८ च्या कायद्याने एक स्वतंत्र परिषद नेमली, आणि कार्यपद्धतीचे नियम करण्याआधी तिचा सल्ला घेणं मंत्र्यावर बंधनकारक झालं. २००७ च्या कायद्याने न्यायाधिकरणांचे नियम करायला एक समितीच नेमली. तिने मसुद्यावर संबंधितांशी सल्लामसलत केलीच पाहिजे.

तिथं सगळं आलबेल आहे असं नाही. ती परिषद पुढे दुसऱ्या रूपात गेली आणि २०१३ साली बंद झाली, काटकसरीचं कारण देऊन. पण नियम करणारा आणि नियमाचा फायदा घेणारा एकच असू नये, एवढं तत्त्व तरी तिथं कायद्यात उतरलं.

मग आपण काय मागायचं?

मी तीन गोष्टी मागतो. पहिली, जो बदल सुनावणी कमी करतो किंवा काढून टाकतो, त्या बदलावर आधी हरकती मागवल्याच पाहिजेत, राज्याच्या भाषेत, आणि नुसत्या राजपत्रात नाही. राजपत्र ग्रामपंचायतीच्या फलकावर कुणी लावत नाही. दुसरी, सूचना टाळायची तर कारण त्याच अधिसूचनेत छापा. न्यायालयाने हे सांगून झालंय, आता ते नियमात लिहा. तिसरी, इतिवृत्तात प्रश्न माणसाच्या शब्दांत जोडा, आणि 'शंका उपस्थित करण्यात आली' हे वाक्य सरकारी कागदातून हद्दपार करा.

यातल्या पहिल्या दोन गोष्टी दिल्लीला व्हायच्या, तिसरीची सुरुवात इथं करता येते. पुढच्या सुनावणीला जाताना प्रश्न लिहून न्या, दोन प्रतीत. गाव, गट नंबर, विहीर कधीपासून बिघडली ते लिहा. एक प्रत द्या, दुसरीवर पोच घ्या. आणि वाचून दाखवल्याशिवाय उठू नका. कायद्याने दिलेली ती पाच मिनिटं आपण चहाच्या नादात सोडून देतो.

एवढं बोलून थांबतो. काही प्रश्न असतील तर घेऊ.

श्रोत्यांतून एक प्रश्न : सर, समजा वाचूनच दाखवलं नाही, आणि साहेब गाडीत बसून निघून गेले, तर?

उत्तर : होतं असं. त्याच दिवशी साध्या कागदावर लिहा, की इतिवृत्त वाचून दाखवलं नाही. जिल्हाधिकारी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ, दोघांना द्या, तारखेसकट पोच घ्या. चित्रीकरणाची प्रत माहिती अधिकारात मागा, त्यात वाचन नसेल तर तोच पुरावा. इतिवृत्त पंचायत कार्यालयात लावणंही परिशिष्टातच आहे, तिथं जाऊन बघा. आणि पर्यावरण परवानगी मिळाली तर हरित न्यायाधिकरणात, आपल्यासाठी पुण्याला, ३० दिवसांत अपील करता येतं. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस. त्यानंतर एक दिवसही नाही. ही मुदतसुद्धा कार्यपद्धतीचाच भाग आहे बरं का. विहीर खरी आहे, पाणी खरंच बिघडलंय, पण ९१ वा दिवस उजाडला तर दार बंद. म्हणून म्हणतो, कंटाळवाणे असले तरी हे नियम वाचा. आपण वाचले नाहीत तरी समोरच्याने वाचलेले असतात.